धसईच्या माळावरची वीज

आई, धसईच्या रस्त्याला लागून असलेला तो माळ आता प्लॉट पाडून विकायला काढलाय. तारेचं कुंपण, लोखंडी गेट आणि गेटवर एक उर्मट वॉचमन. परवा आभाळ भरून आलं म्हणून तिथं थांबले, तर मला म्हणतो, "आजी, इथं उभं राहायचं नाय. प्रायव्हेट हाय." मी म्हटलं, "जमीन असेल. आभाळ कधी विकत घेतलं रे तुझ्या शेठनं?"

बाबा गेल्यावर मुरबाडचा फोटो स्टुडिओ तू चालवलास. वर्षभर पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी. पण वैशाखात दुपार कलली आणि घाटाच्या अंगाला काळे ढग चढू लागले, की खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकालाही तू उठवायचीस. "उद्या ये रे. केस विंचरून ये." पदर खोचून, कॅमेरा घेऊन तू माळाकडे निघालीस की बाजारातली माणसं हसायची, "चालली बघा वीज धरायला!" सुट्टीत कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलवरून आलेली मी मागून स्टँड आणि छत्री घेऊन. पाऊस आला की मी छत्री स्वतःवर ओढायचे आणि तू ओरडायचीस, "कॅमेऱ्यावर धर गो! तू भिजलीस तर वाळशील, तो नाय वाळत."

मी चौदा वर्षांची होते. त्या संध्याकाळी अंधारून आलेलं. तू लेन्स उघडी ठेवून श्वास रोखून उभी. अशा वेळी कॅमेरा केसभरही हलता कामा नये, हे मला पक्कं ठाऊक. तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबते. आत माझ्या वर्गातली मुलगी. ती विचारते, ही बाई कोण? मी इंग्रजीत सांगते, आमच्याकडे कामाला आहे. जीप जाते आणि माझा सगळा राग तुझ्यावरच उलटतो. समोर ढगापासून माळापर्यंत अख्खी वीज उतरते, आणि त्याच क्षणी मी स्टँडला पाय मारते. मुद्दाम.

दोन दिवसांनी लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या कागदावर ती वीज उमटली. दुहेरी, थरथरलेली. तू बराच वेळ बघत राहिलीस. "वारा लागला," एवढंच म्हणालीस. नंतर मला कधी नेलं नाहीस. मग शेवटपर्यंत, अकरा वर्षं एकटी जात राहिलीस. तशी वीज तुला पुन्हा मिळाली नाही.

परवा मला मिळाली. वॉचमनशी भांडून झाल्यावर, तारेबाहेरून, खांबाला मोबाइल टेकवून. स्वच्छ, एका रेषेत, थेट जमिनीपर्यंत. काल वाशिंदला आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना दाखवली. एकीनं विचारलं, "अय्या, मॅडम, हे कुठं शिकलात?"

हे तुला पाठवता येत नाही, ते माझ्या पथ्यावरच पडलंय. मी म्हटलं, "आमच्या कॉन्व्हेंटात." चहा संपेपर्यंत खरं सांगायला भरपूर वेळ होता. मी आणखी एक बिस्किट घेतलं.