बंदूक क्रमांक ६०४१७ ची भट्टीकडे निघालेली गाडी थांबवण्याबाबत

प्रति,
मा. शस्त्र परवाना अधिकारी,
पोलीस ठाणे, कोर्पिवारा, फिनलंड.

विषय : जप्त केलेली हिवाळी युद्धातील बंदूक वितळवू नये, निदान तिचे लाकूड तरी मिळावे.

संदर्भ : आपले पत्र क्र. ११४७, दि. ३ सप्टेंबर २०१९.

महोदय,

खाली सही करणारा टाउनो राउतावेसी, वय ७१, निवृत्त रेल्वे कामगार, आपल्याच ठाण्याच्या बाकावर बसून घाईघाईने हा अर्ज लिहीत आहे. अक्षराबद्दल क्षमा असावी. आता सकाळचे नऊ चाळीस झाले आहेत.

१. मी तेहतीस वर्षे जुन्या लष्करी बंदुका जमवत होतो. गेल्या वसंतात हृदयाच्या शस्त्रक्रियेमुळे मी अकरा आठवडे इस्पितळात होतो. त्या काळात परवाना नूतनीकरणाची आपली दोन पत्रे आली आणि माझ्या दारातच पडून राहिली. परवाना रद्द झाला, चौदाही बंदुका जप्त झाल्या. त्या विकायला ठरलेल्या मुदतीत मला परवानाधारक गिऱ्हाईक आणता आले नाही. कायदा आपल्या बाजूने आहे व चूक माझी आहे, हे मी लिहून देतो. तेरा बंदुकांबद्दल माझे काही म्हणणे नाही.

२. चौदावीबद्दल आहे. तिच्या लोखंडावर झारच्या कारखान्याचा शिक्का, नळी आपल्या लोकांनी नंतर बसवलेली, आणि लाकडी दस्त्याच्या डाव्या अंगाला चाकूने कोरलेली सुबक अक्षरे : ओ. ह्यु. त्याखाली वेडेवाकडे 'ल', आणि त्यातून निसटून गेलेला बोटभर लांब ओरखडा. अशी अक्षरे कोरणारा शिपाई कोण, हे शोधण्यात माझी बावीस वर्षे गेली. पलटणींच्या याद्या, चर्चच्या मृत्युनोंदी, युद्धात गमावलेल्या करेलियातून उठून आलेल्या कुटुंबांची यादी, सगळे पालथे घातले. बायको म्हणायची, "माझ्या माहेरची चार नावं तुला धड सांगता येत नाहीत, आणि त्या मेलेल्याचं गोत्र शोधतोस!"

३. तो ओन्नी ह्युतियाइनेन. फेब्रुवारी १९४० मध्ये रशियाशी लढताना बाविसाव्या वर्षी पडला. प्रेत मिळाले नाही. गाव तहात सीमेपलीकडे, रशियात गेले. घर, कबर, फोटो, काहीच उरले नाही. बहीण श्रीमती लेम्पी, वय ९३, येथील वृद्धाश्रमात आहेत. त्यांची दृष्टी गेली आहे. गेल्या गुरुवारी मी फोन केला तेव्हा त्या आधी खेकसल्या, "बंदूकबिंदूक विकत घ्यायची नाही मला." मग मी अक्षरांविषयी बोललो. तेव्हा त्यांनी विचारले, "ओरखडा 'ल'च्या खाली आहे ना? माझाच हात सटकला होता. तो रजेवर घरी आला होता, मी तेरा वर्षांची होते. ओन्नी म्हणाला, आता सार्जंट माझी कातडी सोलणार, पण राहू दे, तू सोबत आहेस असं वाटेल."

४. म्हणून आज त्यांना घेऊन येथे आलो. खिडकीवरच्या श्रीमती सालमेला यांनी सांगितले की गाडी साडेसातलाच भट्टीकडे निघाली, आपण बाहेरगावी बैठकीत आहात, आणि लेखी अर्जाशिवाय काही होणार नाही. अर्ज हा आहे. गाडी दुपारी पोचते. एक फोन करावा, ही विनंती. बंदूक अख्खी परत द्यायची नसेल तर नळीत शिसे ओता, घोडा काढून टाका, लोखंडाचे चार तुकडे करा. तेही नियमात बसत नसेल तर नुसता दस्ता द्या. दस्ता अक्रोडाचा की बर्चचा, यावर शस्त्र कायदा काही म्हणत नाही, मी वाचला आहे. दस्ताही नाही तर करवतीने कापून तळहाताएवढी फळी द्या. महोदय, माझ्याकडे याहून कमी मागण्यासारखे काही उरलेले नाही. नाही म्हणायचेच असेल तर ते आपण स्वतः त्यांना सांगावे. माझ्याच्याने होणार नाही.

आपल्या एका फोनवर आशा ठेवून बसलेला,

(सही) टाउनो राउतावेसी
कोर्पिवारा, दि. १२ नोव्हेंबर २०१९

सोबत : इस्पितळाचा दाखला, ओन्नी ह्युतियाइनेन यांच्या लष्करी नोंदीची प्रत, दस्त्याचा फोटो.

ता. क. (अकरा वाजून दहा मिनिटे) : आपला फोन लागला नाही. श्रीमती सालमेला यांनी स्वतःच्या फोनवरून गाडीवाल्याला गाठले. तो म्हणाला, "लोखंडच नेतोय मी. भट्टीत लाकूड चालत नाही. लाकडं तुमच्याच मागच्या आवारात टाकलीत, बघा की बाई." बाईंनी फाटक उघडून दिले, फक्त पाहण्यासाठी; त्यांचा यात काही दोष नाही. बर्फात पन्नासेक दस्ते पडले होते. मी चष्मा पुसेपर्यंत लेम्पीबाईंनी हातमोजे काढले. मी एकेक दस्ता हातात द्यायचा, त्या अंगठा फिरवून परत करायच्या. एकोणिसावा त्यांनी परत केला नाही.

त्या आता माझ्या गाडीत बसल्या आहेत. दस्ता कोटाच्या आत आहे. सरकारी मालमत्ता परत मागण्याचे धाडस मला किंवा श्रीमती सालमेला यांना झालेले नाही. तरी कृपया कार्योत्तर मंजुरी मिळावी. मी त्यांना वृद्धाश्रमात सोडायला निघालो आहे.