उष्टावणाच्या आधीच

मंगळवार, संध्याकाळ

दादाचा मंद्रूपहून पुन्हा तोच फोन. "ह्या रविवारी बी न्हाय जमत गं, पुढच्या बघू की." आमच्यात बाळाला पहिला घास मामानं भरवायचा, मगच आईनं. ओवीला सहा महिने होऊन गेले तरी उष्टावण नाही. हे तिकडं पुण्याला नोकरीवर. किती थांबायचं मी?

आज ऑफिसातून आले आणि सरळ मऊ भात कालवला, वर तूप. तिला मांडीवर घेतलं. "मंमं कर, मंमं." तोंड मिटलं ते मिटलंच. चमचा ओठाला लागला की मान फिरवायची.

तेवढ्यात शेजारची पद्माक्का आली, ओवीचं राहिलेलं झबलं द्यायला. दिवसभर पोरगी तिच्याकडंच असते. दारातूनच ती म्हणाली, "बुव्वा?" त्यांच्या तेलुगूत लेकरांशी बोलताना भाताला असंच म्हणतात. ओवीनं हे एवढं तोंड उघडलं!

मी बघतच राहिले. अक्का ओशाळली. "माझ्या ताटाकडं लई बघायची गं. म्हणून रोज दोन शितं द्यायची."

रोज. म्हणजे उष्टावण होऊनही गेलं. मामा नव्हता ते राहू दे, मीसुद्धा नव्हते. रागवायचं तरी कुणावर?

अक्का गेल्यावर दार लावलं. मंमं म्हणून बघितलं. नाही. मग हळूच, अगदी अक्काच्या हेलात म्हटलं, "बुव्वा?"

ओवीनं तोंड उघडलं. आणि दाराकडं बघितलं.