मित्र माझा गट्टू थोर

९ फेब्रुवारी

कविराज,

नमस्कार. आमच्याकडे सगळे धडधाकट. तुझं ब्लडप्रेशर आणि अहंकार दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो.

कारखान्याची नवी शेड उभी राहिली. पत्रे चढले, लेथ बसले, रविवारी उद्घाटन. त्या दिवशी म्हणायला तू धाडलेली मैत्रीवरची कविता मिळाली. तुझ्या वहिनीने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "अहो, इतके थोर कधी झालात? मला कोणी कळवलंच नाही!"

मी मात्र कान देऊन ऐकत होतो. बेअरिंग गेलेलं मला आवाजावरून कळतं. आणि ओळीतली आठ अक्षरं बोटांवर मोजायला शाळेच्या बाकावर तूच शिकवलंस. मोजली. आठच्या आठ, तक्रार नाही. मग यमकं पाहिली. मोटार, उदार, पहारेदार, आधार. प्रत्येक कडवं ऐटीत 'आर' करत येतं आणि धृपदात काय? 'मित्र माझा गट्टू थोर'! दर वेळी तिथेच चाक खड्ड्यात. तू झोपेतसुद्धा 'उदार'ला 'थोर' जुळवणार नाहीस, गड्या.

मग तिथे आधी काय होतं? 'मित्र माझा सरदार.' म्हणून बघ. कसं लोण्यासारखं जातं!

सरदार, आपला कंत्राटदार. तुझ्या पुस्तकांचे समारंभ त्याच्याच खर्चाने व्हायचे. त्याचा धंदा बसला, तशी गरज सरो वैद्य मरो. कविता पडून राहिली. वाया कशाला घालवा? दुसऱ्याच्या मापाचा कोट, बाह्या दुमडून मला चढवलास. पहिल्या कडव्यातली मोटार काढायचेही कष्ट घेतले नाहीस. मी अजून स्कूटरवरच फिरतो.

इथवर हसलो असतो. पण तिसरं कडवं:

खाटेपाशी रात्रंदिन
जागतो पहारेदार

तुझ्या ऑपरेशनच्या वेळी खाटेपाशी कोण होतं रे? सरदारने ड्रायव्हरच्या हाती संत्री पाठवली होती. ती सोलून तुला कोणी भरवली? सगळ्या कवितेत खरं एवढंच, आणि तेही तू त्याच्या नावावर करून टाकलं होतंस.

काल सरदारकडे गेलो. हल्ली त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. धृपद मूळपदावर आणून त्याला कविता वाचून दाखवली. दोन कडवी मान डोलावत ऐकली. तिसऱ्याला हात वर केला.

"थांब, गट्ट्या. हा मी नव्हतो. हा तू होतास."

आणि चेहरा फिरवून बसला. धंदा बुडाला, पण माणसाला अजून लाज वाटते. तू साठ वर्षं शब्द विकतोयस, तुला कधी वाटली?

रविवारी फीत तोच कापणार आहे. तूही ये. पुढच्या रांगेत खुर्ची ठेवतो. पण माईक तुझ्या हाती देणार नाही.

तुझा (हा शब्द लिहायला आज बराच वेळ लागला),
गट्टू