दुसरी चिठ्ठी

लिंबतांडा, ता. दारव्हा
१० सप्टेंबर १९६२

प्रिय बळीराम,

निकालाला महिना झाला, तू तांड्याकडे फिरकला नाहीस. आधी वाटलं, पडल्याचा राग असेल. मग वाटलं, काहीतरी शिजून राह्यलं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. कोंबडा आरवला तरी त्याला कोणी शिकवून पाठवलं, असं मला वाटतं.

आपलं ठरलं होतं ते साधं होतं. वार्डात पंचांच्या जागा दोन, म्हणून प्रत्येकाच्या हाती चिठ्ठ्या दोन; उमेदवारागणिक पेटी वेगळी, अन् एका पेटीत एकच टाकायची. बबनराव सरपंचाची माणसं साठ, तांड्याची अठ्ठेचाळीस, तुमच्या बौद्ध वस्तीची पंचेचाळीस. आपण वेगळे राहिलो की दोन्ही जागा त्याच्या अन् त्याच्या जोडीदाराच्या. म्हणून तुमची दुसरी चिठ्ठी माझ्या पेटीत, आमची तुझ्या पेटीत. दोघंही निवडून येऊ, अन् मंजूर झालेली विहीर तांडा-वस्तीच्या मधल्या निंबापाशी खोदू. चहासुद्धा तुझ्याच घरी प्यायलो.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी तू बबनरावाशी हसून बोलताना दिसलास. झालं. तुमची दुसरी चिठ्ठी आली नाही अन् आमची गेली, तर बळीराम पंच अन् पूनमसिंग घरी, एवढंच मला दिसू लागलं.

पेट्या उघडल्या तेव्हा मला त्र्याण्णव. बबनरावाला साठ, त्याच्या जोडीदाराला एकोणसाठ. तुला शेहेचाळीस. मोजणीला बसलेल्या मास्तरांनी आकडे दोनदा वाचले, अन् तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. तुझी अख्खी वस्ती माझ्या पेटीत होती. माझा तांडा कुठं होता, ते तुला कळलंच असेल, तरी माझ्या हातानं लिहितो. मतदानाच्या आदल्या दिवशी मी घरोघर सांगत फिरलो, पहिली टाका, दुसरी कमरेला खोचून घरी आणा. मग दोन दिवस आमच्या चुली सरकारी कागदानं पेटल्या.

वरचं शेहेचाळिसावं मत कोणाचं, याचाही मी तपास केला. आमच्या धनीबाई काकीनं स्वतःच सांगितलं, 'पूनम्या, सबद तू देल्ला होता. मंग मी काहून मोडू?'

आता बबनराव मला रोज रामराम घालतो. म्हणतो, पूनमसिंग, विहीर निंबापाशी कायले, तांड्यातच घ्या. त्याच्या गोडव्याचा मला संशय आहे, पण त्याहून जास्त माझाच आहे. खुर्चीवर बसून राहिलो, तर मी हो म्हणेन.

म्हणून आज राजीनामा त्याच्या हातात दिला. तो हसला, काटा निघाला, असं वाटलं असेल त्याला. माझ्या जागेसाठी पोटनिवडणूक लागेल, तिला तू उभा राहा. तुझ्या अर्जावर सूचक म्हणून पहिली सही माझी. माझ्या शब्दावर भरवसा ठेव, असं म्हणायचं तोंड मला नाही, अन् तशी गरजही नाही. या वेळी जागा एकच. चिठ्ठीही एकच मिळेल. लपवायला दुसरी नसेल.

तुला पटलं तर तुझाच,
पूनमसिंग