बोर्डावरची शेवटची ओळ

२८ मे
आज लॉरी हौगांगला, रोजच्या साइटकडं, वळलीच नाही. तिथल्या इमारतींचं रंगकाम दुसऱ्या गँगकडे गेलं. आम्हाला एका जुन्या कॉलेजात उतरवलं. पोरांना सुट्टी आहे तोवर हॉल, जिने, व्हरांडे करून द्यायचे. आमचा सुपरवायझर मुरुगन अण्णा म्हणला, इंग्रजांच्या वेळची शाळा आहे, भिंतीला पाय टेकवून उभं राहायचं नाही.
हॉलमध्ये एक लांबलचक लाकडी बोर्ड उतरवून घोड्यांवर आडवा ठेवलाय. सोनेरी अक्षरं, ओळीखाली ओळ. सगळी हातानं काढलेली. बघून हात शिवशिवले. बार्शीत मामाबरोबर पाट्या रंगवायचो, ते सोडून या देशात आल्यापासून रोलरशिवाय काही धरलं नाही.

३० मे
बोर्डाच्या कडांना अन् पाठीला पॉलिश पेपर मारायचं काम मागून घेतलं. सागवान आहे. मागच्या बाजूला सुरीचे वार, गच्च. कशाचे, कळेना.
इथं एक म्हातारा आहे, लिम अंकल. किल्ल्या सांभाळतो. याच शाळेत शिकला, आता इथंच नोकरी. त्यानं सांगितलं. दुसऱ्या लढाईत जपानी आले तेव्हा शाळेत त्यांची पलटण राहिली. बोर्ड उलटा करून त्याच्यावर भाजी-मासे कापायचे. अक्षरं खालच्या अंगाला होती म्हणून वाचली.

१ जून
सातवीनंतर शाळेशी संबंध नाही माझा. इथं रोज शाळेतच जेवतोय.
अंकल बोर्डावरच्या एकेका ओळीवर बोट ठेवून सांगतो. कुठल्या गोऱ्या साहेबानं शाळा काढली. फक्त पोरांची शाळा. लॅटिन शिकवायचे. वेतानं फोडायचे. मग लढाई. मग इमारत वाढली. पुढं कधीतरी वरून हुकूम आला, लहान वर्ग बंद, आता फक्त युनिव्हर्सिटीच्या आधीची दोन वर्षं. पोरीही आल्या. नाव बदललं.
ही शेवटची गोष्ट बोर्डावर नाहीच. त्याच्या आधीच बोर्ड थांबलाय. खाली जागा मोकळी. लिहिणारा पेंटर वारला, नंतर कुणी हात लावला नाही.
विचारलं, आता? म्हणला, हॉल उघडायच्या आधी ती ओळ लिहायचीय. मशीनवर अक्षरं कापून चिकटवणार आहेत.
चिकटवणार. बार्शीत पण असंच झालं. फ्लेक्स आला अन् मामानं ब्रश टर्पेंटाईनमध्ये ठेवले ते ठेवलेच. इथं नाही होऊ द्यायचं.

३ जून
साइटवरच्या इंजिनिअर अनघा मॅडम, पुण्याच्या. आजवर त्यांच्याशी मराठीत बोललो नव्हतो, उगाच सलगी नको म्हणून. आज सरळ गेलो. म्हणलं मॅडम, ती ओळ मी लिहितो.
त्या हसल्या. वाईट नाही हसल्या. म्हणाल्या, "दत्ता, तुला इंग्रजी येतं का?"
म्हणलं, "वाचायला वेळ लागतो. काढायला नाही लागत."
तर म्हणाल्या, प्लायवर नमुना करून दाखव, जुन्या विद्यार्थ्यांच्या कमिटीला पाठवते. मुरुगन अण्णाला मात्र आवडलं नाही. तुला रंग मारायला आणलंय, म्हणे. जेवणाच्या सुट्टीत करेन, कामात खोट आली तर सांगा, म्हणलं.

६ जून
नमुना फसला.
बोर्डावरचीच एक ओळ उतरवली होती. सुतानं वरची रेघ मारली आणि अक्षरं लावत गेलो, मामानं शिकवलं तसं. रंग बरोबर, जाडी बरोबर. लांब जाऊन बघितलं तर ओळ दारू प्यालेली. वर सरळ, खाली एक अक्षर आखूड, एक लांब.
आपल्यात सगळं वरच्या रेघेला टांगलेलं. ट आखूड, द लांब, खाली कोण बघतं? इंग्रजी खालच्या रेघेवर उभं असतं. एवढे इंग्रजी बोर्ड केले बार्शीत, पण ते सगळे मोठ्या अक्षरांत, वरखाली सारखेच, तिथं हे कधी कळलंच नाही. इथं लहान अक्षरं.
अंकल प्लास्टिकच्या पिशवीतली कॉफी घेऊन आला. बघत राहिला. म्हणला, "हे तर आमच्या ब्लॉकमध्ये बांबूवर कपडे वाळत घालतात तसं झालंय, ला." इथं बोलताना शेवटी 'ला' लावतातच.
मला पण हसू आलं. मग नाही आलं.
मॅडमना दाखवला नाही. दोन दिवस मागितले.

७ जून
खालची रेघ मारून बघितली. डोळा ऐकत नाही. हात वरूनच खाली येतो, रेघ जवळ आली की बिचकतो, कुठं अलीकडं थांबतो, कुठं पलीकडं जातो. जेवलो नाही. परत मारली. परत तेच.
इतकी वर्षं एका बाजूनं टांगलेला हात आहे, तो दोन दिवसांत उभा कसा राहील? पण राहायला पाहिजे.

८ जून
जमलं!
प्लाय उलटा फिरवला. पायाकडची बाजू डोक्याकडं. आता खालची रेघ वर आली. जुन्या बोर्डाचा फोटो पण उलटा धरला आणि एकेक अक्षर रेघेला टांगत गेलो. वाचता येत नव्हतं, तेच बरं झालं, नुसता आकार दिसत होता. मुरुगन अण्णा येऊन म्हणला, डोकं फिरलं का, उलटं लिहितोय. संपल्यावर प्लाय फिरवून त्याच्यासमोर धरला.
मग म्हणला, उद्या जिन्याकडं दुसऱ्याला लावतो, तू इथंच थांब.
त्याच्या बापाचं पण मदुराईकडं कसलं तरी दुकान होतं, बोर्ड हातचाच. आज पहिल्यांदा सांगितलं.

११ जून
मॅडमनी नमुना पाठवला. कमिटी हो म्हणाली. हातानंच लिहायचं. आईला फोन केला. तिला वाटलं पगार वाढला. नाही वाढला म्हणलं. मग एवढा कशाला हसतोस, म्हणे.

१३ जून
होकार आला, मजकूर नाही.
कमिटीत दोन तट. कॉलेज झाल्यावर शिकलेले म्हणतात, लिहा की शाळेचं कॉलेज झालं, एकच संस्था, चालू आहे. जुने म्हणतात, पोरांची शाळा बंद झाली, तसं स्पष्ट लिहा. ओळ एक, भांडण दोघांचं.
अंकलला विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूला. लहान वर्ग बंद झाले तेव्हा हा बारा-तेरा वर्षांचा होता. एक दिवस सगळ्यांना दुसऱ्या शाळेत पाठवलं. त्याचा मोठा भाऊ इथंच राहिला, कॉलेज झालेल्या शाळेत.
"भावासाठी चालू राहिली. माझ्यासाठी बंद झाली." एवढंच बोलला आणि कुलपं बघायला गेला.
मला वाटायचं, लिहायचं काम माझं, काय लिहायचं ते सोपं असतं.

१७ जून
अजून नाही. बोर्डाला व्हार्निशचे हात झाले, शेवटचा राहिलाय, तो अक्षरांवरून द्यायचा. बाकी हॉल तयार. सोमवारी बोर्ड भिंतीवर चढवायचा, बोल्ट पण आलेत. एकदा चढला की फिरवता येणार नाही. आडवा आहे तोवर मी पलीकडच्या बाजूला उभा राहून उलटं लिहू शकतो. भिंतीवर सरळच लिहावं लागेल.
मॅडमना सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर कमिटीला फोन लावला. बोलताना एकदा माझ्याकडं बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे म्हणाल्या. बोर्ड मात्र सोमवारीच. भिंतीवर हातानं नाही जमलं तर परत मशीनचा विषय निघेल, दत्ता, तुला सांगून ठेवते.
म्हणलं निघू द्या. भिंतीवर लिहितो.
"जमेल?"
"मीटिंग होईपर्यंत जमेल."

१९ जून
रविवार. बाकीची पोरं उबीन बेटावर सायकली चालवायला गेली. मला पण बोलावलं होतं. नाही गेलो.
आम्ही राहतो त्या डॉर्मिटरीच्या मागच्या भिंतीला प्लाय उभा बांधला. सरळ. खालची रेघ मारली. आज अक्षरं उलटी नाहीत, हात टांगायला जागा नाही. पहिल्या ओळी वाकड्या आल्या. पुसल्या. दुपारपर्यंत पुसतच होतो. चारच्या सुमाराला एका ओळीतली तीन अक्षरं सलग रेघेवर उभी राहिली. चौथं घसरलं.
मजकूर काय असेल माहीत नाही, म्हणून दोन्ही लिहितोय. एकदा चालू राहिली, एकदा बंद झाली. अंकलनं दोन्ही कागदावर लिहून दिल्यात, आपल्याच हातानं. बंदवाली ओळ लांब आहे, तिला अक्षरं जास्त लागतात.
प्लाय पुसून परत रेघ मारली.