आमच्या ह्यांचा कॉम्प्युटर आणि भावजींचे सुटे भाग

दावणगेरे

चि. कोट्रेश यास गिरिजा आत्याचे अनेक आशीर्वाद.

तिकडे बेंगळुरूत तुझी तब्येत बरी असेल आणि जेवण वेळेवर होत नसेल, हे मला न सांगता ठाऊक आहे. इकडे माझे गुडघे आणि शेजारणीची म्हैस सुखरूप. बरं नाही ते फक्त आमच्या ह्यांच्या कॉम्प्युटरला.

खंडेनवमीपासून त्याने अंथरूण धरलंय. बटण दाबलं की घुर्र करतो, दिवा लावतो आणि आपण चष्मा पुसेपर्यंत पुन्हा डोळे मिटतो. तुला आठवत असेल, परवाच्या साली भट्टीवरच्या पूजेत कोहळा कोणी फोडायचा यावरून हे आणि थोरले भावजी भांडले. (कोहळा शेवटी हमालाने फोडला.) वाटणीत चुरमुऱ्यांची भट्टी भावजींकडे गेली, घरात मधोमध भिंत आली, बोलणं बंद. मग यांना पूजेला उरलं काय? स्कूटर आणि कॉम्प्युटर. अख्ख्या भट्टीची हळदकुंकू-गंधं त्या दोघांना थापली. स्कूटर निदान पावसात धुऊन निघाली.

तू यांना फोनवर म्हणालास, "मामा, दुसऱ्या चालू कॉम्प्युटरचा एकेक भाग लावून बघा, दोष सापडेल." सांगायला काय जातंय! तसला कॉम्प्युटर गल्लीत एकच, भावजींचा. दोघांनी जोडीने घेतलेला. आधी वायर मागायला यांनी मला धाडलं. दुसऱ्या खेपेला माझे गुडघे अचानक दुखायला लागले. (वर सुखरूप लिहिलंय, ते खोडत नाही.) तेव्हा हे स्वतः गेले आणि दारात उभे राहून खांबाला म्हणाले, "कुणाकडे चालू मॉनिटर असेल तर हवा होता." आतून भावजी म्हणाले, "कुणाला हवा असेल त्याने आत येऊन न्यावा. उंबऱ्यावरून द्यायला मी काय भिक्षा वाढतोय?"

मग मेमरीची पट्टी झाली, पॉवर सप्लाय झाला. आता दोन्ही कॉम्प्युटर पोट उघडून भावजींच्या पडवीत पडलेत आणि दोघे भाऊ मिरची भजी नि चुरमुरे खात त्यांच्यावर वाकलेले असतात. कोणता स्क्रू कोणाचा यावरून भांडतात, पण तोंडावर भांडतात. काल यांनी "अण्णा" अशी हाक मारली. मी भिंतीअलीकडे ताक घुसळत होते. हात थांबला बघ, डोळ्यांत पाणी आलं.

तुझी,
गिरिजा आत्या

ता. क. रविवारी दुरुस्तीला येतोस म्हणालास, येऊ नकोस. माझे गुडघे दुखले त्याच दिवशी मला दोष सापडला होता. हळद-गंधाचा लेप फटीत वाळला होता, त्यामुळे दाबलेलं बटण आतच अडकून कॉम्प्युटर लगेच बंद पडायचा. ओल्या फडक्याने पुसलं, कॉम्प्युटर झकास चालला. बंद केला आणि लेप पुन्हा थापला. तेव्हा तू फोनवर म्हण, आता पंखा बदलून बघा. दिवाळीपर्यंत पुरतील एवढे भाग त्यात असतील ना रे?

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच जाऊबाई आल्या. म्हणाल्या, "गिरिजा, बटणाला लेप जरा पातळ लाव गं. पहिल्याच दिवशी तुमच्या कॉम्प्युटरची पेटी उचलताना आमच्या यांची बोटं पिवळी झाली. यांनी नखाने खरवडून बघितलं, अडकलेलं बटण सुटलं, तसे मला म्हणाले, धाकटा हात धुऊन यायच्या आत थोडी हळद कालवून आण." आजची हळद आम्ही दोघींनी मिळून कालवली.