टॉमीच्या पोटाची चिठ्ठी

अमरावती,
वैशाख शुद्ध सप्तमी, शके १७८६

सूर्यभान यास गोवर्धनचा रामराम.

राजमान्य राजश्री वगैरे लिहीत बसलो तर तू हसशील, म्हणून सरळच सुरुवात करतो. मी बरा आहे. तुझे वडील, आपले नत्थुजीकाका, बरे आहेत. साहेबाच्या बंगल्यामागची वांगी उन्हानं होरपळली, एवढं सोडलं तर बागही बरी आहे. अकोल्याला तुझं गठ्ठे बांधायचं काम कसं चाललं आहे? इथे ज्याला भेटावं तो कापसाचंच बोलतो. ज्वारीची वावरंसुद्धा लोकांनी कापसाखाली घातली. आता कडबा नाही, गवत नाही, आणि बैलांपुढे काय टाकावं म्हणून तेच लोक कपाळाला हात लावून बसले आहेत.

माझ्याकडे एक नवीन काम आलं आहे. मी एका जनावराच्या लेंड्या मोजतो. हस, काय हसायचं ते हसून घे.

साहेबाची सात वर्षांची पोर आहे, तिला सगळे मिस्सीबाबा म्हणतात. तिनं विलायतेहून जहाजात बसवून एक जनावर आणलं आहे. सशाएवढं नाही, उंदराहून बरंच मोठं, शेपूट अजिबात नाही. त्याला गिनीपिग म्हणतात आणि या गिनीपिगाचं नाव टॉमी. उन्हाळा सोसेना म्हणून मडम पोरीला घेऊन चिखलदऱ्याला गेली. जाताना पोर माझ्यापुढे उभी राहून खूप वेळ काहीतरी सांगत होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी. बटलरनं त्याचा अर्थ सांगितला तो असा: रोज हिरवं गवत पोटभर, पाणी दोनदा बदलायचं, पिंजऱ्याला वाळ्याची ताटी, आणि सकाळ-संध्याकाळ लेंड्या मोजायच्या. लेंड्या थांबल्या की या जनावराचं काही खरं नसतं म्हणे.

हे सगळं चिठ्ठीवर लिहून कारकुनाकडे द्यायचं, तो साहेबाला वाचून दाखवतो. आज काय खाल्लं, किती खाल्लं, लेंड्या किती, कोरड्या की ओल्या. माळ्यांमध्ये लिहिता येणारा मी एकटाच, म्हणून हे माझ्या गळ्यात पडलं. काकांनी आपल्या दोघांना पंतोजीकडे घातलं ते यासाठी घातलं असेल असं काही वाटत नाही.

गवत आणायचं काम काकांचं आहे. या उन्हात हिरवी काडी सापडत नाही, तरी ते दोन कोस चालून कुठल्या कुठल्या विहिरीच्या थारोळ्यापाशी जातात आणि हराळीचा भारा घेऊन येतात.

सूर्यभान, हे सगळं गमतीनं लिहिलं, पण मनातून मी फार घाबरलो आहे. काल संध्याकाळी लेंड्या फक्त नऊ होत्या. रोज शंभरावर असतात. आज सकाळी एकही नाही. टॉमी कोपऱ्यात अंग फुगवून बसला आहे, पोट हाताला नगाऱ्यासारखं लागतं, दात कराकरा वाजवतो. चिठ्ठीत 'लेंड्या नाहीत' असं लिहून दिलं आहे. त्याच्या पोटात काय गेलं ते देव जाणे.

साहेबानं मागच्या महिन्यात, वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणाऱ्या एका गाडीवानाला चौकीत धाडलं. तो अजून सुटला नाही. तेच सारखं आठवतं.

तुझा
गोवर्धन


अमरावती,
वैशाख शुद्ध द्वादशी

सूर्यभान यास रामराम.

आधी हे सांग, काका तुझ्याकडे पोहोचले का? बाकी पत्र नंतर वाच. ते परवा, दशमीला, भर दुपारी इथून पायी निघाले आहेत. मूर्तिजापुरापर्यंत एखादी कापसाची गाडी मिळाली तर ठीक, पण या दिवसांत रिकाम्या गाड्याही कोणाला बसवत नाहीत. पोहोचले असतील तर उलट टपाली कळव.

काय घडलं ते सांगतो. सप्तमीनंतर टॉमीचं पोट उतरेना. साहेबानं दशमीला सकाळी कारकुनाला बोलावून माझ्या पंधरा दिवसांच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचायला लावल्या. मी व्हरांड्यात उभा होतो. कारकून एकेक चिठ्ठी वाचत होता: गवत, गवत, गवत, थोडं गाजर, गवत. साहेब मधेच थांबवून म्हणाला, "घास कौन लाता है?"

कारकुनानं काकांचं नाव सांगितलं.

काका आले. साहेबानं विचारलं, गवतात काय आणलं होतंस? विषारी झाड आणलंस का? काका आधी गोंधळले. मग भाऱ्यातली एक काडी उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेली, अगदी नाकाला लागेल इतकी जवळ, आणि बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "सायेब, मी त हराळीच आणतो जी. पण माये डोये आता साथ देत नाईत. एखांदी वाईट काडी आली असन त मले दिसली नसन."

साहेबाला तेवढं पुरलं. बंगल्यामागची झोपडी दुपारच्या आत खाली करायची, नाहीतर चौकी. तीस वर्षं ज्या बागेला त्यांनी पाणी घातलं तिथून त्यांनी दोन धोतरं आणि एक तांब्या घेतला. विळा तिथेच ठेवला. मी म्हटलं, काका, विळा घ्या. तर म्हणाले, "नको रे पोरा. आता याले हात लावाचा नाई." आणि सकाळी आणलेला भारा मात्र उचलून पिंजऱ्यापाशी नेऊन ठेवला. मला म्हणाले, "हे निवडून टाक त्याले. तुये डोये चांगले हायेत."

मी पाण्याची सुरई घेऊन नाक्यापर्यंत मागे गेलो. त्यांनी पाणी घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अकोल्याच्या वाटेला लागले. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

मी साहेबापुढे काही बोललो का, असं तू विचारशील. नाही बोललो. काय बोलणार होतो? चिठ्ठीत जे होतं ते होतं.

टॉमी अजून जिवंत आहे. मी काकांच्या भाऱ्यातली हराळी एकेक काडी निवडून त्याच्या तोंडापुढे धरतो. वाईट काडी मला एकही सापडली नाही.

काका पोहोचले का ते कळव. मी टपालवाल्याची वाट पाहतो आहे.

गोवर्धन


अमरावती,
वैशाख वद्य चतुर्थी

सूर्यभान,

तुझं पत्र काल मिळालं. काका पोहोचले एवढं वाचून मी ते मिटून ठेवलं. पुढचं वाचायला मला संध्याकाळ लागली.

तू लिहितोस, पायांना फोड आले आहेत, अंगात ताप आहे, भाकरीला हात लावत नाहीत. आणि कोणी जवळ बसलं की एकच विचारतात, "ते जनावर जगलं का रे? मायाच हातून झालं." शेजारच्या गाईपुढे गवत टाकायला सांगितलं तर घाबरून मागे सरकले. 'बाबांना काय झालं आहे ते तुला माहीत असेल तर लिही' असं तू विचारलंस. मला माहीत आहे. सुरुवातीपासून माहीत आहे.

टॉमी जगला हे आधी त्यांना सांग. पौर्णिमेला सकाळी चार लेंड्या दिसल्या, लहान, कोरड्या. मी त्या तळहातावर घेऊन वेड्यासारखा हसत होतो. दुसऱ्या दिवशी सव्वीस, आज एकशे दहा. काकांनी ठेवलेल्या भाऱ्यानंच तो उठला. दुसरं काही तो खातच नव्हता.

आता ऐक. मी त्याला सरकी घातली होती.

मडम महिन्याभरात परत येणार असा निरोप आला आणि टॉमी मला रोडावल्यासारखा दिसायला लागला. काका दोन कोस चालून आणायचे तो भारा उन्हानं दुपारपर्यंत सुकायचा. आपल्याकडे म्हैस रोडावली की आपण काय करतो? सरकी भिजवून पुढे ठेवतो. यंदा तर जिथे पाहावं तिथे कापसातून निघालेल्या सरकीचे ढीग. मला वाटलं, पोर येईल तेव्हा जनावर कसं टुमटुमीत दिसेल, साहेब पाठ थोपटेल. गूळ लावून मूठभर सरकी रोज दिली, सहा दिवस. त्यानं खाल्लीही. म्हशीचं पोट आणि या एवढ्याशा जिवाचं पोट एक नसतं, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

चिठ्ठीत मी सरकी लिहिली नाही. पोरीनं गवतच सांगितलं होतं, म्हणून 'गवत' लिहीत गेलो. आधी वाटलं, एवढं काय. पोट फुगलं तेव्हा समजलं, पण तेव्हा लिहायचं कसं? त्या दिवशी व्हरांड्यात कारकून 'गवत, गवत' वाचत होता आणि काका काडी डोळ्यांशी धरून पाहत होते, तेव्हा 'साहेब, सरकी' असे दोनच शब्द बोलायचे होते. डोळ्यांपुढे चौकी आली. आणि मग काकाच म्हणाले की माझे डोळे गेले आहेत, आणि सूर्यभान, मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते असंच वाटलं.

ज्यांनी आईबापाविना असलेल्या मला घरात घेतलं, तुझ्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली, त्यांना मी उन्हात वाटेला लावलं. त्यांचे डोळे ठीक आहेत. हात ठीक आहेत. तीस वर्षांत त्यांनी कधी वाईट काडी आणली नाही, याही वेळी नाही.

काल साहेब खूश होऊन पिंजऱ्यापाशी आला. म्हणाला, तू चांगला माणूस आहेस, आता बाग तू सांभाळ, झोपडीही तुझीच. मी मान हलवली. हे पत्र मी त्याच झोपडीत बसून लिहितो आहे. कोपऱ्यात काकांचा विळा आहे, त्याच्याकडे पाहवत नाही.

काल दुपारपासून तीनदा बंगल्याच्या पायऱ्यांपर्यंत गेलो आणि तीनदा परत आलो. माझा भरवसा मला राहिलेला नाही. उद्या सांगेन, परवा सांगेन असं करत मी हे गिळून टाकीन आणि मिस्सीबाबा आली की तिच्या हातून खाऊसुद्धा घेईन, इतका मी भित्रा आहे. म्हणून हे सगळं माझ्या हातानं लिहिलं. माझं अक्षर कारकून ओळखतो, रोज वाचतो.

हे पत्र आधी काकांना वाचून दाखव. सरकीचं वाक्य दोनदा वाच, त्यांना एका वेळी खरं वाटणार नाही. ते जेवायला बसले की मग निघ. सरळ बंगल्यावर ये आणि हा कागद कारकुनाच्या हातात दे. माझ्याशी आधी बोलू नकोस. मी रडेन, तुझे पाय धरेन, एक दिवस थांब म्हणेन. अजिबात थांबू नकोस.

चौकीची मला आजही तितकीच भीती वाटते. ती कमी झाली म्हणून हे लिहिलं असं समजू नकोस.

काकांना माझा दंडवत सांगायचा की नाही ते तूच ठरव.

सहा दिवस सरकी घालणारा आणि चिठ्ठीत गवत लिहिणारा,
गोवर्धन